गच्चीवरच्या पनाशे अंजिराचं पहिलं फळ खाल्लं!

कऱ्हाकाठ (१५ मार्च, सकाळी)

काल, शनिवारी सकाळी सात वाजता, पुण्यात आमच्या गच्चीवरच्या पनाशे अंजिराचं पहिलं फळ उतरवलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर २९ ग्रॅम भरलं. चार फोडी केल्या, घरातल्या चौघांनी खाल्ल्या. कालपासून हे कुणाला तरी नीट सांगायचंय, म्हणून हा धागा.

पनाशे हा अंजिराचा जुना युरोपीय वाण. फळावर देठापासून खालच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे टोकाच्या बारीक भोकापर्यंत, हिरवे-पिवळे पट्टे असतात. नाव फ्रेंच, अर्थ 'पट्टेरी'. इंग्रजीत टायगर फिग म्हणतात. आपल्याकडे तो फारसा कुणाकडे नाही. मी ऑनलाइन त्या नावाने मागवलेली दोन रोपं साधी हिरवी निघाली. मग डिसेंबर २०२२ मध्ये बंगळुरूच्या एका झाडवेड्या काकांनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पेन्सिलीच्या जाडीच्या दोन काड्या पाठवल्या. या वाणात कोवळ्या फांदीवरही पट्टे असतात, आणि त्या काड्यांच्या सालीवर ते होते. पाहूनच जीव भांड्यात पडला. एक काडी कुजली. दुसरीचा डोळा जानेवारीच्या शेवटी फुटला.

पहिल्याच पावसाळ्यात तांबेऱ्याने एकूण एक पान गळालं. पानाच्या मागे विटकरी पूड धरते, बोट फिरवलं की बोटाला लागते. उभी राहिली ती नुसती काठी. २०२४ च्या उन्हाळ्यात पाच फळं धरली, सुपारीएवढी झाली आणि एप्रिलच्या तलखीत एकापाठोपाठ एक गळून गेली. त्यानंतर झाड रंगाच्या २० लिटरच्या डब्यातून मोठ्या ड्रममध्ये हलवलं, त्यामुळे एक हंगाम रिकामा गेला. या वेळी २० नोव्हेंबरच्या सुमारास पानांच्या बेचक्यांत सात फळं दिसली. चार गळाली, तीन राहिली.

माझी आई पुरंदर तालुक्यातली. कऱ्हेच्या काठी तिच्या वडिलांची, अण्णांची, अंजिराची बाग होती. आजोबा गेले, विहिरीचं पाणी तुटलं, बाग राहिली नाही. आई आता ७६ वर्षांची आहे आणि दोन वर्षांपासून आमच्याकडे असते. गुडघे दुखतात, तरी रोज सकाळी कठडा धरत गच्चीवर येते आणि झाडांपाशी खुर्ची टाकून बसते.

डिसेंबरअखेर फळं बोराएवढी झाली आणि तिथेच थांबली. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, फळ जागचं हलेना. मी कधी खत टाकून बघत होते, कधी पाणी वाढवून. आई म्हणायची, "त्याला छेडू नकोस. अंजीर मधे झोपतं. जागं झालं की आठ दिवसांत होतं." मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यातलं एक खरोखरच जागं झालं. पाच-सहा दिवसांत फळ जवळपास दुप्पट.

गुरुवारी हिरवे पट्टे फिके होऊन पिवळ्यात मिसळायला लागले. दाबलं तर मऊ लागलं. मी कात्री घेऊन गेले, तर आईने मनगट धरलं. "पोट काय दाबतेस, मान बघ."

मान म्हणजे देठाला लागून असलेला फळाचा निमुळता भाग. तो अजून ताठ होता, फळ फांदीपासून आडवं बाहेर आलेलं. "आत्ता काढलंस तर गोड लागेल, पण अंजीर लागणार नाही." आंबा अढीत घालून पिकवता येतो, अंजिराचं तसं नाही. झाडावरून उतरवलं की ते नुसतं मऊ पडतं, गोडी पुढे चढत नाही. ती गोडी शेवटच्या दोन-तीन दिवसांत भरते, आणि नेमक्या त्याच दिवसांत बुलबुल, तांबट आणि मुंगळे टपलेले असतात. मलमलची पिशवी बांधलेली होती, तरी शुक्रवारी रात्री मी दोनदा विजेरी घेऊन वर जाऊन आले.

शनिवारी मान पडली होती. फळ देठाशी वाकून सरळ खाली लोंबत होतं. सालीवर उभ्या, केसाएवढ्या बारीक पांढऱ्या भेगा. डोळ्याशी पाकाचा एक थेंब, मोहरीएवढा, घट्ट, खाली न पडता लटकलेला. आईने फळ तळहातावर घेऊन जरासं वर उचललं आणि ते आपसूक सुटलं. देठाशी चीक टिपूसभरच. कच्च्या अंजिराचा चीक दुधासारखा वाहतो, पिकलं की आटतो. ही दुसरी खूण आईनेच दाखवली.

आता चवीबद्दल, कारण धागा त्यासाठीच आहे. आतला गर गडद लाल, तुतीच्या मुरंब्यासारखा, भोवती सालीलगत पांढरी कड. पुरंदरचं अंजीर आतून फिकं गुलाबी असतं, साल पातळ, गोडी शांत आणि पाणीदार. याची साल जाड, किंचित चिवट. गर मात्र दाट, आणि पहिल्या घासाला चक्क स्ट्रॉबेरीचा आंबटपणा जाणवतो. गोडी त्याच्या मागून येते, आणि ती येते तेव्हा भरपूर येते. बिया दाताखाली बारीक कुरकुरतात. माझ्या मुलीने पहिला शब्द काढला तो "जॅम!" मला स्वतःला इतकं गुंतागुंतीचं अंजीर आजवर खाल्ल्याचं आठवत नाही.

आईने फोड सालीसकट खाल्ली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चांगलं आहे गं. पण आपलं अंजीर खाल्ल्यावर पाणी प्यावंसं वाटत नाही."

कालपासून तेच वाक्य डोक्यात आहे, कारण ते खरं आहे. पनाशेची गोडी घशात रेंगाळते, पुरंदरचं अंजीर तहान भागवतं.

अजून दोन फळं झाडावर आहेत. जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत: पावसाळ्यात तांबेऱ्याचं काय करू, आणि छाटणी कधी करू?

पिंपळपान

वाचताना मीही तुमच्याबरोबर गच्चीवर होते. आईंना नमस्कार सांगा. "पोट काय दाबतेस, मान बघ" हे लिहून ठेवलंय. कुंडीत माती कोणती वापरलीत? ऊन किती तास मिळतं?

कऱ्हाकाठ

सांगितला नमस्कार. साधारण दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग विटांचे बारीक तुकडे आणि थोडं कोकोपीट. तळाला भोकं भरपूर पाडा, पाणी साचलं की अंजिराची मुळं लगेच कुजतात. अंजिराला चुना मानवतो, म्हणून अंड्यांची टरफलं कुटून टाकते. ऊन सकाळी साडेआठपासून चारपर्यंत थेट. पाणी ठरल्या वेळी. फळ फुगायला लागल्यावर एक दिवस कोरडं ठेवून दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी दिलं तर ते तडकतं.

घाटमाथा

ताई, मनापासून अभिनंदन. आमची पुरंदर तालुक्यात दिवे गावच्या बाजूला दोन एकर अंजीर आहे. तुमच्या आईंनी जे सांगितलं ते आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं, पण शहरात ते कळायला मार्ग नाही. दुकानात येणारं अंजीर मान ताठ असतानाच काढलेलं असतं. त्याला इलाज नाही, मान पडलेलं फळ गाडीत टिकत नाही. घाटात रस्त्याकडेला सकाळी सकाळी पाटी घेऊन बसलेल्या बाया असतात, त्यांच्याकडचं घ्या. पहाटे तोडलेलं, खाली अंजिराचीच पानं घातलेली.

तांबेऱ्याबद्दल. पहिलं काम म्हणजे गळालेलं एकही पान कुंडीत किंवा गच्चीवर राहू द्यायचं नाही. रोग त्यातूनच परत चढतो. दुसरं, पाणी पानांवर मारायचं नाही, बुडाला द्यायचं. तिसरं, १ टक्का बोर्डो मिश्रण. एका झाडाला लिटरभर पुरतं: १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळं विरघळवायचं. मग एकत्र करून गाळून घ्यायचं. लोखंडी खिळा बुडवून बघा. खिळ्यावर तांब्याचा रंग चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. त्याच दिवशी वापरून टाका, शिळं चालत नाही. नवी पालवी फुटली की पहिली फवारणी, पावसाळ्यात पानांच्या खालच्या बाजूनेही. फळ पिकायला लागलं की बंद.

छाटणीचं असं आहे की आमच्याकडे दोन बहार चालतात. पावसाच्या तोंडावर, जूनला छाटलं की फळ हिवाळ्यात येतं, तो खट्टा बहार. पावसाळाभर झाडाला विश्रांती देऊन सप्टेंबर-ऑक्टोबरला छाटलं की फळ उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून, तो मिठा बहार. नावातच चव आली. तुमचं फळ मार्चमध्ये पिकलं म्हणजे झाडाने आपणहून मिठा बहार धरलाय, तो मोडू नका. अंजीर नव्या फुटीवर लागतं, म्हणून छाटायला घाबरू नका. फांदी पुढेच पळत असेल आणि तिच्यावरचे खालचे डोळे (कोंब) झोपलेले असतील, तर डोळ्याच्या वरच्या अंगाला सालीत छोटी तिरकी खाच पाडा. फूट निघते.

एक मात्र आग्रहाने सांगतो. बाहेरचे वाण जरूर लावा, पण आमच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तरी बागा कमी होताना मी डोळ्यांनी बघतोय. एक कुंडी त्याचीही असू द्या.

कऱ्हाकाठ

दादा, आईला हे सगळं वाचून दाखवलं. खिळ्याचं ऐकून ती म्हणाली, "अण्णा असंच करायचे." पुरंदरच्या अंजिराची कुंडी आहे माझ्याकडे, आईनेच आणायला लावली. यंदा तिला फळ नाही.

नवीन माळी

मला थोडं वाईट वाटतंय वाचून. माझ्याकडे डायना वाणाचं म्हणून घेतलेलं अंजिराचं रोप आहे, दीड वर्षाचं. गेल्या आठवड्यात पहिलं फळ खाल्लं, अगदी पाणचट. भोपळा खाल्ल्यासारखं. झाड काढून टाकावं का?

घाटमाथा

नका काढू! पहिल्या फळावरून झाड जोखायचं नसतं. मुळं अजून आपल्यापुरतीच खातायत. तिसऱ्या वर्षाच्या आत आम्ही बागेत फळ धरतच नाही, लागलं तरी तोडून टाकतो. पाणी किती देता? फळ पिकताना पाणी जास्त झालं तरी पाणचट होतं. आणि मान पडली होती का?

नवीन माळी

मान माहीतच नव्हती. पिवळं दिसलं आणि तोडलं. पाणी रोज दोन वेळा.

घाटमाथा

मग झाडाला बोल लावू नका. पिकायला लागल्यावर पाणी निम्म्यावर आणा, पण एकदम तोडू नका. पुढच्या फळाला परत लिहा इथे, मी वाट बघतो.

शर्वरी

थोडं बाजूला जाणारा प्रश्न आहे, पण आमच्या घरी यावरून खरोखर वाद झालाय. अंजिरात मेलेली माशी असते असं एका व्हिडिओत दाखवलं. सासूबाई चातुर्मासात अंजीर खात होत्या, त्यांनी सोडलं. तुमच्या फळात असं काही होतं का?

वनस्पतीवेडी

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि दरवर्षी हा प्रश्न येतो, म्हणून नीट लिहिते.

अंजीर हे एक फळ नाही. ती आतून पोकळ, उलटी वळलेली फुलांची पिशवी आहे. फुलं सगळी आत, शेकड्यांनी. 'उंबराचं फूल' आपण कधी न दिसणाऱ्या माणसाला म्हणतो ते उगीच नाही, उंबर अंजिराच्याच कुळातला. आत जायला एकच वाट असते, खालचा डोळा. त्या वाटेने चिलटाएवढी माशी आत शिरते आणि परागीभवन करते. उंबराची माशी वेगळी, अंजिराची वेगळी. उंबर फोडलं की उडतात ती केंबरं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात, म्हणून तर 'उंबर फोडून केंबरं काढणं' असं आपण म्हणतो.

आता मुख्य गोष्ट. अंजिराचे सगळे वाण माशीवर अवलंबून नसतात. तुर्कस्तानात इझमीरच्या बाजूला, ज्याचं जुनं नाव स्मर्ना, तिथले सुकवायचे अंजीर माशीशिवाय धरतच नाहीत, कच्चेच गळून पडतात. तिथले शेतकरी जूनमध्ये नर झाडाची फळं आणून मादी झाडांवर टांगतात, त्यातून माशा निघतात. पुरंदरचं अंजीर मात्र परागीभवनाशिवाय आपोआप धरणारं आहे. पनाशे, डायना हेही तसेच. तुमच्या सासूबाईंना सांगा, पुरंदरचं ताजं अंजीर धरायला माशी आत शिरावी लागत नाही. तुर्की सुक्या अंजिरात ती शिरलेली असते, पण तिथेही फळातलं फिसीन नावाचं पाचक द्रव्य तिला बरंचसं विरघळवून टाकतं. खावं की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग.

माशीशिवाय धरणारी अंजिरं माणसाला फार जुन्या काळापासून माहीत असावीत. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिलगाल इथे सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची जळून कोळसा झालेली अंजिरं सापडली. ती अशाच झाडांची असून माणसाने फांद्या लावून वाढवलेली असावीत, असं संशोधकांनी २००६ मध्ये मांडलं. त्यावर मतभेद आहेत. पण अशा फळात रुजणारं बी नसतं, म्हणजे ते झाड टिकवायचं तर कुणीतरी काडी तोडून दुसरीकडे खोचायलाच हवी. कऱ्हाकाठ यांच्या बंगळुरूच्या काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळून केलं तेच काम.

शर्वरी

इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी आत्ताच विचारलंय, "पुरंदरचं म्हणजे मंडईत मिळतं तेच ना?"

पश्चिमवारा

सॅन होजेहून लिहितोय. आमच्या मागच्या अंगणात पनाशे आहे, नऊ वर्षांचं. इथे ते पिकायला सप्टेंबर संपतो, काही वर्षं ऑक्टोबरही उजाडतो. पनाशेला लांबलचक गरम हंगाम लागतो, थंडी लवकर पडली की फळं झाडावरच कच्ची राहतात. पुण्याला मार्चमध्ये तयार झालं हे वाचून हेवा वाटला.

इथे कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत स्मर्ना अंजिराची झाडं एकोणिसाव्या शतकात आणून लावली होती, पण वर्षानुवर्षं फळ धरेना. शेवटी १८९९ मध्ये माशी आणून फ्रेझ्नोला वसवली तेव्हा धरलं. रिव्हरसाइडच्या विद्यापीठातल्या आयरा कॉन्डिट यांनी १९५५ मध्ये अंजिराच्या वाणांची मोठी जंत्री छापली, त्यात शेकडो वाण आहेत.

एक प्रयोग सुचवतो. भूमध्य समुद्राकाठची फार जुनी रीत आहे. फळ झोपेतून उठायच्या बेतात असताना डोळ्यावर ऑलिव्ह तेलाचा एक थेंब लावायचा. त्याने आत इथिलीन वायू तयार होतो आणि फळ काही दिवस आधी पिकतं. दोन उरली आहेत तर एकाला लावून बघा, दुसरं तसंच ठेवा.

चारुता

छान धागा. एक सावधगिरी: माझ्या मुलाने अंजिराची पानं हाताने तोडली आणि उन्हात खेळत राहिला. दुसऱ्या दिवशी हातावर भाजल्यासारखे फोड. पुढे महिनाभर काळे डाग राहिले.

वनस्पतीवेडी

बरं झालं लिहिलंत. अंजिराच्या चिकात आणि पानांत सोरालेन नावाची द्रव्यं असतात, ती कातडीवर असताना ऊन लागलं की भाजतं. छाटणी हातमोजे घालून, संध्याकाळी करावी आणि हात साबणाने लगेच धुवावेत.

कऱ्हाकाठ (२२ मार्च)

तेलाचा प्रयोग केला. १६ तारखेला ड्रॉपर नव्हता म्हणून उदबत्तीच्या काडीच्या टोकाने, एका फळाच्या डोळ्यावर एकच थेंब. आईला ते पटलं नव्हतं, पण तिने अडवलं नाही. तिसऱ्याच दिवशी फळ फुगायला लागलं. आज सकाळी त्याची मान पडली, २४ ग्रॅम. न लावलेलं फळ अजून बोराएवढंच आहे, म्हणजे तेलाने काम केलं असावं.

चव मात्र पहिल्यासारखी नाही. रंग तोच लाल, आंबटपणाही आहे, पण गर थोडा सैल आणि घशात रेंगाळणारी ती गोडी अर्ध्यावर आलेली. आईने अर्धी फोड खाऊन उरलेली माझ्या हातात दिली. "याला झोप पुरी मिळाली नाही." पश्चिमवारा, तुमच्याकडे थंडी येऊन गाठते तिथे हा उपाय मोलाचा आहे, हे मला आता कळतंय. पुण्यात पुढे कडक ऊनच आहे, इथे घाई करायचं कारण नाही. यापुढे तेल लावणार नाही.

काड्यांसाठी आठ जणांनी निरोप पाठवलेत. सप्टेंबरअखेर छाटणी झाली की सहा काड्या निघतील असा अंदाज आहे. विकणार नाही, मलाही कुणी विकली नव्हती. पहिली नवीन माळी यांना. एक घाटमाथा दादांना, बांधाला लावून बघा म्हणून. बाकीच्या चार ज्यांनी आधी विचारलं त्या क्रमाने. टपालखर्च माझा. दादा, त्या बदल्यात तुमच्या बागेतली एक गुटी (फांदीवरच मुळ्या फुटवलेलं रोप) आईसाठी हवी आहे, तिला झाड तिच्या गावच्या बाजूचं हवंय.

घाटमाथा

गुटी जुलैत बांधतो, दसऱ्यापर्यंत मुळ्या धरतील. टपालाने नाही पाठवणार, आईंना घेऊन इकडेच या. आणि तिसऱ्या फळाचं काय झालं ते कळवा.

कऱ्हाकाठ (१ एप्रिल)

दसऱ्याला येतो, आईने आत्तापासून दिवस मोजायला घेतलेत. तिसरं फळ परवा जागं झालं. आज पट्टे फिके व्हायला लागलेत, पिशवी पुन्हा घट्ट बांधली. मान ताठ आहे.